खळ दिलेला गालिचा

बेंबळी, धनगरवाडा
ता. ११ फेब्रुवारी १९८६

विहीणबाई शांताक्कांना हरणाबाईचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं. खुशाली विचारत न्हाय, कागद बघूनच कळली. आमच्याकडं एवढा जाड कागद लग्नपत्रिकेला पण वापरत न्हाईत. चौदा वर्सांत तुमचं हे पयलं पत्र. पोस्टमन व्यंकटनं दारात उभं राहून माझं नाव दोन बार वाचलं. त्याला वाटलं धाराशिवात कुणी तरी गेलं.

खाली तुम्ही लिवलंय, 'कुणाकडून तरी वाचून घ्या.' म्या सोता वाचलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात आठ म्हैने बसले मी, नातवंडांच्या वयाच्या मास्तरासमोर. शुद्ध लिवता येत न्हाय, पण वाचता येतं. आन जे लिवलं न्हाय ते तर शाळेबिगर वाचता येतं.

तर तुमचा गालिचा. आपल्या नातीच्या, मथूच्या बोक्यानं मुतून मुतून नासवला. आण्णासाहेबांकडं सहकारी संघाची माणसं येतात आन रुमाल नाकाला लावून बसतात. लेकाची अब्रू जाते तुमच्या. साबण लावून झाला, अत्तर शिंपडून झालं, उदबत्त्या लावून झाल्या, आता मुताचा आन अत्तराचा मिळून तिसराच वास सुटलाय. तवा तुम्हाला माझी याद आली. 'तुम्ही लोकरीतल्या, तुम्हाला ठाऊक असंल.'

लोकरीतल्या तर तुम्ही पण, शांताक्का. तुमच्या बापानं मेंढरंच राखली. पण धाराशिवात सिमिटाचं घर बांधलं की ते विसरावं लागत असंल. कलावतीच्या आन धुळाप्पाच्या लग्नात म्या तुम्हाला घोंगडं दिलं होतं. लोकर माझ्या हातची, विणलं माझ्या सासऱ्यानं. तुम्ही भर मांडवात पदर नाकाला लावून म्हणालात, 'मेंढराचा वास येतोय, बाहेर वाळत टाका.' बाया हसल्या. मी पण हसले, मुलाकडची होते ना. असू द्या. ते काढायला बसले तर कागद पुरायचा न्हाय.

बोका म्या दिला हे खरं. चारा सपला म्हणून धुळाप्पा आन कलावती मेंढरं घेऊन भीमेच्या काठाला गेले, तवा पोरीचं काय करायचं ते मला सोडून सगळ्यांनी ठरवलं. आण्णासाहेब जीप घेऊन आले. मामा आला, पोर गेली. 'तिथं नळ हाय, शाळा हाय, आज्जी हाय,' असं धुळाप्पा मलाच सांगतो. म्हणजे मी कोण होते, बांधावरची बाभळ? म्या बोक्याचं पिल्लू फडक्यात बांधून जीपमधी पोरीच्या मांडीवर ठेवलं. तिला इथली याद राहावी म्हणून. चित्या नाव तिनंच ठेवलं. आता तो मोठा झालाय, वयात आलाय, जागोजागी आपली हद्द आखतोय. माणसं पण आखतात.

आता औषध लिवते, नीट करा. हंडाभर पाणी खळखळ उकळा. डागांवर गरमागरमच ओता, हात भाजला तरी चालंल. मग चिंचोके भाजून भिजवून वाटून त्याची खळ शिजवा, नव्या घोंगड्याला देतात तशी. गालिच्याला दोन्ही अंगानं चोपडा, कुंच्यानं आत जिरवा आन उन्हात वाळवा. लोकर खळीनं धरते. खळ धरली की आतला वास बाहेर पडत न्हाय.

तुमच्याकडं नळ चार दिसाआड येतो म्हणता. आमच्याकडं टँकर येतो, कवा येतो ते डायवरला पण ठाऊक नसतं. तवा हंडाभर पाण्याचं रडू नका.

मथूला सांगा, तिची कोंबडी अंडी देत न्हाय.

हरणाबाई


ता. ४ मार्च १९८६

विहीणबाई,

म्या सांगितलं तसं तुम्ही केलंत आन वास गेला न्हाय, असं लिवलंय तुम्ही. गालिचा पापडासारखा कडक झाला, त्यावरचा मोर सुजल्यासारखा दिसतो, आन दुपारी खिडकीचे वाळ्याचे पडदे भिजवले की खोलीभर वास उठतो. आण्णासाहेब अंगणात खुर्ची टाकून बसतात. बोक्याला पण तुम्ही अंगणातच बांधलाय.

खळ पातळ झाली असंल. शहरात सगळंच पातळ करतात. पुन्हा द्या, दाट द्या. पाणी पुन्हा उकळून ओता. लोकरीचं काम एका खेपेत होत न्हाय.

आता दुसरं. मथूचं आंतरदेशीय पत्र आलं. मोर कसा, नळ कसा, पंखा कसा, सगळं बारीक अक्षरात. आन मोठीमाय. मोठीमायनं शिकेकाईनं केस धुतले. मोठीमायनं निळा झगा शिवला. मोठीमायनं शेजारच्या मास्तरणीकडं गणिताची शिकवणी लावली. मोठीमाय म्हणते माझं डोकं वकिलाचं हाय. म्या बोटं घालून मोजलं, सतरा बार. आन ती मोठीमाय म्हणजे तुम्ही.

मोठीमाय मला म्हणायची ती. दात आले न्हवते तवापासनं. आता मी कुठं, तर शेवटच्या ओळीत, 'बेंबळीच्या आज्जीला नमस्कार.' बेंबळीची. जशी काय पाच-सात गावांत तिच्या आज्ज्या पेरल्यात. पत्राला तुमच्या खोबरेलाचा वास येत होता. म्या ते पत्र डब्यात ठेवलं न्हाय, वळचणीला खोचलं, हवा लागावी म्हणून.

शिकवणीचं बरं केलंत. तिचं डोकं वकिलाचं हाय हे म्या ती तीन वर्साची असतानाच ओळखलं होतं. मेंढरं मोजताना धुळाप्पाला चूक दाखवायची. पण तवा आमच्याकडं मास्तरीण न्हवती, म्हणून कुणी लिवून ठेवलं न्हाय.

तुम्हाला वासाचा एवढा जाच असंल तर सरळ उपाय हाय. पोर आन बोका दोन्ही धाडून द्या. इथं पण शाळा हाय. मास्तर रोज येत न्हाईत, पण भिंती हाईत. पाणी माझ्या वाटणीचं तिला देईन. गालिचा ठेवा तुम्ही.

हरणाबाई


ता. २९ मार्च १९८६

शांताक्का,

तुमचं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर जळाली. जळू दे.

काय लिवता तुम्ही? पोर अंथरुणात मुतते? बारा वर्साची पोर? गालिच्याच्या खोलीत निजत होती आन तिचाच वास होता, बोक्याचा न्हाय? आन वर लिवता, 'तिनं सोता कबूल केलं, ही सवय तिकडूनच घेऊन आली असंल.'

तिकडून म्हणजे माझ्याकडून.

तिला बोळात गोणपाटावर निजवलंत. दिवेलागणीनंतर घोटभर पाणी देत न्हाई, या उन्हाळ्यात. दवाखान्यात नेऊन आणलंत, कमरेला मंतरलेला दोरा बांधलात. शेजारच्या पोरींना कळलं, त्या वर्गात तिला बघून नाक धरतात, हे पण तुम्हीच लिवता आन पुढं लिवता, 'मला लई वाईट वाटतं.' वाटत असंल. गोणपाटावर तुम्ही निजत न्हाई.

आता माझं ऐका. बारा वर्सं ती माझ्या कुशीत निजली. दोन वर्साची झाल्यापासनं तिनं माझं घोंगडं एकदा ओलं केलं न्हाय. गोवर आला तवा न्हाय, पटकी आली तवा न्हाय.

तुम्हीच लिवलंय, आण्णासाहेबांनी बोक्याला पोत्यात घालून तुळजापूरच्या रस्त्याला सोडायचं ठरवलं. कवा ठरवलं? गुरुवारी. पोरीनं कबूल केलं कवा? गुरुवारी. सातवीतल्या पोरीची शिकवणी लावता आन एवढं गणित तुमच्या घरात कुणाला सुटत न्हाय? तिनं बोका वाचवला. सोताच्या अंगावर घेतलं आन वाचवला. अशी पोर तुमच्या खानदानात आजवर जन्मली असंल तर तिचं नाव कळवा.

आन नाकाचं काय झालं तुमच्या? लेकराचा वास उन्हात टाकला की सांजेला सपतो. बोक्याचा डोळ्याला झोंबतो, घशात बसतो, आन कपडा ओला झाला की पुन्हा जिता होतो. मेंढपाळाच्या घरात जन्मलेल्या बाईला हे सांगावं लागतं.

पत्र मिळालं की तिला गोणपाटावरून उठवा. आधी ते, मग बाकीचं.

हरणाबाई


ता. ८ एप्रिल १९८६

शांताक्का,

तुमचं उत्तर येऊन चार दिवस झाले. चार दिवस म्या लिवलं न्हाय. का ते सांगते, पण आधी तुमचेच शब्द तुम्हाला वाचून दाखवते, म्हणजे कळंल कुठं येऊन मी अडकले.

तुम्ही लिवलंय, 'तुम्ही म्हणता तशीच मला पण शंका आली होती. पण तुमच्या सांगण्यापरमानं दोन खेपा उकळतं पाणी ओतलं, दोन खेपा खळ दिली. बोका तवापासून अंगणात बांधलेला हाय, तो आत येत न्हाय. तुमचं औषध खोटं असंल असं मी म्हणणार न्हाय. लोकरीत तुमच्याएवढं जाणतं दुसरं माणूस मला ठाऊक न्हाय. मग जुना वास तर गेलाच असणार. तरी रोज येतो, म्हणजे रोज नवा होतो. बोक्याचा न्हाय, तर कुणाचा?'

आन खाली, 'परीक्षा झाली की आण्णासाहेब पोरीला बेंबळीला आणून सोडतील. आठवीचं तिकडंच बघा.'

तुम्ही मला जाणती म्हणालात. चौदा वर्सं त्या एका शब्दाची वाट बघितली होती म्या, आन तो असा आला.

पोर घरी येणार होती. मला दुसरं काय पाहिजे होतं? म्या तिची कोंबड्यांची खुराडी साफ केली. तिचं घोंगडं उन्हात टाकलं. तोंड गप्प ठेवलं की काम होत होतं. पोर आल्यावर तिला सांगीन, तू काय केलं न्हाईस मला ठाऊक हाय, आन मोठीमाय बघ कशी निघाली, गोणपाटावर निजवणारी. आयता न्याय होता. तीन दिवस मला लई ग्वाड लागला.

काल टँकरच्या रांगेत होते. भिमाबाई पुढं होती, कोंडिबाची बायकू, तिची लेक धाराशिवात तुमच्या आळीला दिलीय. तिनं घागर कमरेवर घेतली आन सगळ्यांदेखत म्हणाली, 'हरणाबाई, तुमची मथू अंथरुणात मुतती म्हणं? आता हिला करून कोण घेईल?'

बाया पाणी सोडून माझ्याकडं बघायला लागल्या.

म्या म्हणाले, 'ती न्हाय, मी मुतते. जा, सांग गावाला.'

घागर तिथंच ठेवून घरी आले. पोर अजून तिथून निघाली न्हाय, आन तिच्या आधी तिचं नाव गावात येऊन बसलं होतं. हे तुम्ही आणलं असं म्हणायला म्या तोंड उघडलं, आन ते उघडंच राहिलं.

तर ऐका. औषध खोटं होतं.

चुकून न्हाय. मला ठाऊक होतं. रंगारी कढईत लोकर उकळतो ती रंग पक्का बसावा म्हणून. उकळतं पाणी ओतलं की मूत पण तसंच धाग्याला धरतं. आन खळ लोकरीला ताठ करते, वारं-पाऊस आत घेत न्हाय, तसं आतलं पण बाहेर सोडत न्हाय. तुम्ही वास धुतला न्हाई, मी तुमच्या हातानं तो आत कोंडून घेतला. पडदे भिजवले की हवा ओली होते, खळ मऊ पडते, वास उठतो. रोजचा नवा न्हाय तो. जुनाच हाय, माझा.

दुसरी खळ सांगितली तवा तर पयलीनं काय झालं ते पण ठाऊक होतं.

का केलं ते पण लिवते, न्हायतर तुम्ही म्हणाल घोंगड्याचा सूड घेतला. घोंगड्याचं मी कवाच विसरले असते. मला वाटलं तुम्ही वासाला बेजार व्हाल आन बोक्याला आन पोरीला हाकलाल. पोर तुमच्यावर रुसून घरी येईल. मला तुमचा हेवा वाटला. नळाचा न्हाय, गालिच्याचा न्हाय. तिचे केस तुम्ही धुता याचा. ती सतरा बार ज्याला मोठीमाय लिवते त्या माणसाचा. माझ्या पोटात जे होत होतं ते म्या तुमच्या गालिच्यात ओतलं आन ते जाऊन पोरीच्या अंगावर सांडलं.

माफी मागायची रीत मला ठाऊक न्हाय. आमच्याकडं माणूस चुकलं की काम करून देतं.

हे पत्र आण्णासाहेबांना वाचून दाखवा. शेजारच्या मास्तरणीला पण दाखवा, म्हणजे तिच्या तोंडून शाळेत जाईल. मथूला मात्र देऊ नका. तिला मी तोंडानं सांगीन.

पाडवा झाला की येते. दोन शेर ज्वारी भिजत घातलीय, मोड आलेली घेऊन येते. तुम्ही रिठे आन आंबट ताक तेवढं बघून ठेवा. पाण्याला हात लावू नका मी येईपर्यंत. आन पोरीला आज गादीवर निजवा. माझ्यावर विश्वास ठेवायला सांगायची मला लाज वाटते, पण एवढं एक ठेवा.

हरणाबाई


ता. २२ एप्रिल १९८६

विहीणबाई शांताक्कांना हरणाबाईचा रामराम.

घरी पोचले. एसटीत कंडक्टरनं पिशवीत काय हाय विचारलं. पिशवीनंच उत्तर दिलं. म्हणाला, जनावराचं तिकीट पडंल. म्या म्हणाले, ह्याच्यापायी मला जे पडलं ते तुझ्या तिकिटाच्या पेटीत मावायचं न्हाय. अर्धं फाडलं त्यानं. पोर न्यायला निघालेली मी, बोका घेऊन उतरले. व्यंकट पोस्टमन हसला. हसू दे, त्याला खरं काय ते ठाऊक न्हाय.

निघताना तुम्ही म्हणालात, मास्तरणीच्या कुत्र्यानं तिची सतरंजी खराब केलीय, तिला औषध लिवून धाडा. लिवते. ह्या वक्ताला खरं.

ओलं असताना सापडलं तर घासायचं न्हाय. घासलं की आत जातं. सुकं फडकं ठेवून वर उभं राहायचं, फडकं बदलत राहायचं, ओल वर येते. मग गार पाणी, थोडंच, आन पुन्हा फडकं. गरम पाणी दावायचं पण न्हाय. आंबट ताकाची निवळ डागावर टाकून घटकाभर ठेवायची, आधी कोपऱ्यात लावून बघायचं रंग सुटतो का. मग रिठ्याच्या गार पाण्यानं धुवायचं, लोकर असो का सूत. वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरायचा, एक दिवस तसाच ठेवायचा, मग झटकून काढायचा. उलटं करून उन्हात टाकायचं. राख लावू नका म्हणावं, राख लोकर खाते. आन खालची फरशी धुतल्याबिगर वर काय टाकू नका. वास फरशीच्या सांध्यात बसतो, जनावर हुंगत हुंगत परत तिथंच येतं. तुमच्याकडं खालचं बारदान म्या जाळलं ते ह्याच्यासाठी.

खळीचं तिला सांगायचं काम न्हाय. ती कुणी देत न्हाय गालिच्याला. मोड आलेली ज्वारी वाटून, कोमट पाण्यात कालवून चोपडली की खळ सुटते, हे माझा सासरा करायचा, घोंगडं चुकून लई ताठ झालं तर. दुष्काळात दोन शेर ज्वारी त्यात घातली म्हणून गावात मला येडी म्हणतात. म्हणू दे.

शांताक्का, मी आले तवा तुम्ही पाण्याचा तांब्या पुढं ठेवलात. दोन दिवस आपण एका गालिच्याच्या दोन टोकांना बसून करवंटीनं खळ खरवडली. तुमचा हात माझ्यापेक्षा साफ चालतो, हे म्या तवा बोलले न्हाय. बापाच्या घरचं हात विसरत न्हाईत. दुसऱ्या दिवशी मोराजवळ आल्यावर तुम्ही एकच बोललात, 'माझ्या हातानं पोरीला गोणपाटावर निजवलंत तुम्ही.' मी करवंटी घेऊन मोराचीच खळ खरवडत राहिले.

तिसऱ्या दिवशी आण्णासाहेब, संघाचे एवढे चिटणीस, गालिच्यावर पालथे पडून कोपरा कोपरा हुंगत होते आन तुम्हाला हसू आलं. मला पण आलं. आपण दोघी एकाच येळेला हसलो, हे म्या बघितलं. तुम्ही पण बघितलंत.

आता जे तुम्ही बघितलं न्हाई ते सांगते. नळाला पाणी न्हवतं म्हणून तुम्ही घागरी घेऊन टँकरला गेला होता तवा मथू शेवटचा पेपर देऊन आली. म्या तिला गालिच्याचं टोक धरायला लावलं, पिळायला. आन सांगितलं. उकळतं पाणी, खळ, दोन्ही खेपा, सगळं. मधी काय गाळलं न्हाय. तिनं टोक सोडलं न्हाय. पिळत राहिली. पाणी निघायचं थांबलं तरी पिळत राहिली. मग टोक खाली ठेवलं, कमरेचा दोरा ओढून तोडला आन मोरीत टाकला.

म्या म्हणाले, 'काय तरी बोल. शिवी दे.'

ती म्हणाली, 'तुला मी पाहिजे होते तर चल म्हणायचं. मी आले असते.'

चौसष्ट वर्सांत म्या हजार कारणं करून माणसं धरून ठेवली. नवऱ्याला आजाराचं, धुळाप्पाला शपथेचं, हिला बोक्याचं. चल म्हणायचं कधी सुचलं न्हाय. न्हाय म्हणालं तर काय करायचं, हे भ्या.

म्या इचारलं, 'मग आता येतीस?'

ती म्हणाली, 'आता न्हाय. आठवीला इथं नाव घालायचंय. मोठीमायला सोडून आता न्हाय.' मग म्हणाली, 'चित्याला घेऊन जा. इथं तो बांधलेला असतो.'

रडली न्हाय. मी पण न्हाय. तुम्ही टँकरवरून आलात तवा आमी दोघी गालिचा तारेवर टाकत होतो, तुम्हाला वाटलं काय झालंच न्हाय.

एसटीच्या थांब्यावर ती आली न्हाय. तुम्ही म्हणालात शिकवणीला गेलीय. परीक्षा झाल्यावर कसली शिकवणी, शांताक्का. तुम्हाला खोटं बोलायला अजून नीट जमत न्हाय. बरंय.

पोर तुमच्याकडं राहू द्या. आठवीचं नाव घाला. केस तुम्हीच धुवा. रोज सांजेला मला वाटतं, आता ती तुमच्याजवळ बसून भाकर खात असंल, आन मी माझं ताट तसंच झाकून ठेवते. हेवा गेला न्हाय माझा. जायचा न्हाय. पण त्याला आता मी काम सांगत न्हाय.

एक मागते. मे म्हैन्यात शाळेला सुट्टी असती. पंधरा दिवस तिला इकडं धाडा. इथं पंखा न्हाय, नळ न्हाय, गाव तोंड चालवतं, आन ती माझ्याशी बोलंल का न्हाय ते पण ठाऊक न्हाय. तुम्ही तिला बळजबरी करू नका. तिला हे पत्र वाचायला द्या, सगळं, सुरुवातीपासनं. न्हाय म्हणाली तर न्हाय लिवा, गोड करून लिवू नका.

कारण काय म्हणाल, तर कारण न्हाय. शेतात काम न्हाय, मी आजारी न्हाय, सण न्हाय. मला पोर पाहिजे. म्हणून मागते.

हरणाबाई